एक लाख माणसं कुठे गेली? कोकणातल्या बंद घरांचा दीडशे वर्षांचा हिशेब

पोस्ट मोठी आहे, पण आपल्याच घराची आहे. सवडीने वाचा.

2021 ला हुकलेली जनगणना आता होते आहे. माणसं मोजण्याचा मुख्य टप्पा फेब्रुवारी 2027 मध्ये आणि 1 मार्च 2027 ही त्याची हिशेबाची तारीख. त्या दिवशी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचा आकडा काय निघेल, यावर खरं तर नाक्यानाक्यावर बोललं जायला हवं. आपण बोलतो ते गणपतीच्या गाडीचं तिकीट मिळालं का, हायवे कधी पुरा होणार आणि हापूसची पेटी कितीला गेली. गावात राहणारी माणसं किती उरली, हा प्रश्न या सगळ्याच्या खाली दबून राहतो.

आधी मागचे आकडे बघू.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ला 16,96,777 होती. 2011 ला ती 16,15,069 झाली. सिंधुदुर्ग 8,68,825 वरून 8,49,651 वर आला. दोन्ही जिल्हे मिळून 1 लाख 882 माणसं कमी. युद्ध नाही, दुष्काळ नाही, साथ नाही. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र 16 टक्क्यांनी वाढला आणि ठाणे जिल्हा 36 टक्क्यांनी. राज्यात लोकसंख्या घटलेला तिसरा जिल्हा एकच, मुंबई शहर. म्हणजे लालबाग-परळचा जिल्हा. ज्या गावांतून माणूस जात होता ती गावं आणि ज्या गिरणगावात तो जात होता ते गिरणगाव, दोन्ही एकाच दशकात आकसली. वाढलं ते ठाणे, म्हणजे तेव्हाच्या हद्दीतलं दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरार.

तेव्हा काही जण म्हणाले, कोकणात शिक्षण आहे, कुटुंब लहान आहे, म्हणून आकडा घटला. त्यात तथ्य आहे. सिंधुदुर्गची साक्षरता 85 टक्क्यांच्या वर होती आणि पाळणे कमी हलतात हेही खरं. पण पाळणे कमी हलण्याचं एक कारण असंही आहे की पाळणा हलवणारं जोडपं विरारला राहतं. पोर तिथे जन्मतं, तिथेच मोजलं जातं.

अजून लांबून बघा. 1901 ला जुना रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान मिळून लोकसंख्या होती पावणेचौदा लाखांच्या थोडी वर. सीमा पुढे थोड्या इकडेतिकडे झाल्या, पण साधारण तोच मुलूख 2011 ला साडेचोवीस लाखांवर आहे. 110 वर्षांत दुप्पटसुद्धा नाही. याच काळात आजच्या महाराष्ट्राची लोकसंख्या 1 कोटी 94 लाखांवरून 11 कोटी 24 लाखांवर गेली, जवळपास पावणेसहा पट. म्हणजे 2001 नंतर अचानक काही बिघडलं असं नाही. आपला मुलूख शंभर-सव्वाशे वर्षं माणसं बाहेर पाठवतोय. आंबा, काजू, मासळी नंतर. आपला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जुना माल म्हणजे माणूस.

हे कसं झालं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. नाहीतर आपण नेहमीसारखे एका पुढाऱ्याला शिव्या घालून मोकळे होतो.

बंदरं होती, धंदा होता

कोकण कायमच दरिद्री होतं ही समजूत चुकीची आहे. राजापूरला सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. राजापूर, खारेपाटण, चिपळूण, वेंगुर्ला ही घाटावरच्या मालाची दारं होती. कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली या घाटांतून बैलांच्या पाठीवर माल उतरायचा, खाडीत गलबतात चढायचा. बेळगाव-धारवाडकडचा कापूस वेंगुर्ल्याला यायचा. त्यावर व्यापारी जगायचे, हमाल जगायचे, तांडेल-खलाशी जगायचे, बैलवाले जगायचे.

मग 1880 च्या दशकात घाटमाथ्यावर दक्षिणेकडे रेल्वे गेली. पुण्याहून मिरज, बेळगाव, तिथून पुढे मार्मागोवा. घाटावरचा माल सरळ रेल्वेने जायला लागला आणि आपली बंदरं सुकली. देशातली पहिली गाडी बोरीबंदर ते ठाणे 1853 ला धावली आणि पुढच्या काही दशकांत देशभर रूळ पसरले. कोकणातून ते गेले नाहीत, बाजूने गेले. ज्या रेल्वेने दुसऱ्या मुलखांना बाजारपेठ दिली, तिनेच आपली बाजारपेठ काढून घेतली.

खोत, कूळ आणि पोट न भरणारी शेती

दुसरं कारण जमिनीत. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण पाणी चार तासांत समुद्रात. खाली कातळ. भाताची खाचरं लहान, डोंगरउतारावर नाचणी-वरी. वर्षाचं धान्य घरात पुरायचं नाही, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगलेलं आहे.

त्यात खोती. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक गावं खोतीची. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत. अर्धल, तिर्धल म्हणजे पिकाचा निम्मा किंवा तिसरा वाटा खोताच्या घरी, वर वेठ वेगळी. कुळाने बांध घातला, जमीन सुधारली, तर त्याचा फायदा त्याला मिळेल याची खात्री नव्हती. अशा व्यवस्थेत जमिनीत घाम कोण ओतणार? शहाणा माणूस मुंबईचा रस्ता धरणार.

खोतीविरुद्ध लढा झाला, तो आपल्याच कोकणात. अलिबागजवळ चरीला 1933 पासून शेतकऱ्यांचा संप सहा-सात वर्षं चालला, नारायण नागू पाटील त्याचे नेते. डॉ. आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर आला, 1949 ला. मग कूळकायदा, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन. कसणाऱ्याच्या नावावर जमीन लागली. पण तोपर्यंत कसणाऱ्याची दोन पोरं गिरणीत लागली होती. जमीन उशिरा आली.

दलित घरांचा रस्ता आणखी वेगळा. दापोली, मंडणगड, खेड भागातल्या महार घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मुंबई लष्करात भरती व्हायची. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, निवृत्तीनंतर काही काळ दापोलीला राहिले. 1890 च्या दशकात सरकारने महारांची भरती बंद केली आणि गावात जमीन नसलेल्या या माणसांना मुंबईशिवाय पर्याय उरला नाही. तिथे गिरणीतही विणकाम खातं, जिथे पगार बरा, ते त्यांना बंद. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ. गाव सोडण्याची कारणं सगळ्यांची सारखी नव्हती, हे विसरू नका. कोणी पोटासाठी गेला, कोणी मानासाठीही गेला. ज्याला गावात पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते, त्याने गाव सोडलं म्हणून आज गळा काढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मनीऑर्डरचं राज्य

मुंबईत पहिली कापडगिरणी 1850 च्या दशकात उभी राहिली. पुढच्या तीस वर्षांत त्यांची रांग लागली. 1881 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती आणि त्यात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सव्वा लाखाच्या घरात. सहा माणसांत जवळपास एक आपला! आणखी एक गंमत. 1872 ते 1881 या काळातही रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या कमी झाली होती, 10 लाख 19 हजारांवरून 9 लाख 97 हजारांवर. म्हणजे 2011 ची घट पहिली नव्हे. मात्र तेव्हाची घट पुढच्या दहा वर्षांत भरून निघाली होती, एवढं लक्षात ठेवा.

जाण्याचा मार्ग समुद्र. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. बोट लांब उभी राहायची, पडावातून माणसं आणि बोचकी तिच्यापर्यंत जायची. मुंबईत उतरलं की गावची खोली. एका खोलीत वीस-पंचवीस गाववाले, पाळीपाळीने झोपणारे. एक रात्रपाळीला गेला की दुसरा त्याच्या वळकटीवर. जेवायला खानावळ. महिन्याला पगार झाला की गावाला मनीऑर्डर.

या व्यवस्थेचं एक पक्कं गणित होतं. पुरुष मुंबईत, बाई गावात. पुरुष कमवायचा, बाई शेती, गुरं, म्हातारीकोतारी आणि देवधर्म सांभाळायची. पुरुष लग्नाला, शिमग्याला, गणपतीला आणि म्हातारपणी गावात यायचा. मुंबईत संकट आलं की गाव हा आसरा. 1896 ला मांडवीत प्लेग सुरू झाला आणि काही महिन्यांत शहरातून लाखो माणसं पळाली. आपली माणसं बोटी भरभरून गावाला आली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये चाकरमानी आले आणि आपण त्यांना शाळेत चौदा दिवस क्वारंटाइन केलं, तेव्हा मला त्या प्लेगच्या वर्षांची आठवण येत होती. सव्वाशे वर्षांनीही संकटात माणसाचे पाय गावाकडेच वळतात.

पण मनीऑर्डरचा दोषही सांगितला पाहिजे. ते पैसे घर चालवायला यायचे. त्यातून किराणा आला, लग्नं झाली, कौलं बदलली, देवळाचा जीर्णोद्धार झाला. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांनी वर्गणी काढून कितीतरी गावांत शाळांच्या इमारती बांधल्या, हे ऋण मोठं आहे. पण त्या पैशातून विहीर, बांध, गिरण, कारखाना फारसा उभा राहिला नाही. पैसा आला आणि पुन्हा मुंबईच्याच मालावर खर्च झाला. शाळेचंही तसंच झालं. शिकलेला मुलगा गावात काय करणार? सातवी, मॅट्रिक, मग बोट किंवा लाल गाडी. शाळा जितकी चांगली तितकं गाव लवकर रिकामं, हे विचित्र पण खरं आहे.

संप

18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप इतका लांब चालू शकला त्याचं एक कारण आपली गावं. कामगार गावाला आले, लावणी केली, घरचा तांदूळ खाल्ला आणि वाट बघितली. गावातल्या बाईने मुंबईचा संप पोसला. इतिहासात तिचं नाव कुठे नाही.

गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. त्यांच्याबरोबर ते जुनं गणितही मोडलं. गिरणीची नोकरी म्हणजे कायम काम, महिन्याचा पगार, फंड, ग्रॅच्युइटी, आपल्या जागी मुलाला लावायची सोय. त्यानंतर आली ती कुरिअरची, वॉचमनची, मॉलमधली, ठेकेदाराकडची नोकरी. या पगारात मुंबईत एक आणि गावात एक अशा दोन चुली पेटत नाहीत. तेव्हा माणसाने काय केलं? लालबागची खोली विकून किंवा सोडून नालासोपाऱ्याला वन रूम किचन घेतलं, बायको-पोरांना तिकडे नेलं आणि गावाच्या घराला कुलूप लावलं. बायकोही तिकडे पोळीभाजी केंद्र, घरकाम, कंपनीत पॅकिंग असं काहीतरी करायला लागली.

या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा इथे आहे.

2001 ला रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1136 बायका होत्या. 2011 ला 1122. सिंधुदुर्गात 1079 वरून 1036. त्या वर्षी राज्यात हे प्रमाण 929 होतं. राज्यापेक्षा आपल्याकडे बायका जास्त दिसतात म्हणून आपण कौतुक करून घेतो. खरं तर तो आकडा सांगत होता की पुरुष परगावी आहेत. आता तो खाली येतोय, याचा अर्थ पुरुष परत आले असा नाही. लोकसंख्या घटत असताना हा आकडा उतरतो, तेव्हा त्याचा अर्थ एकच निघतो: आता बायकाही निघाल्या. कुटुंबच्या कुटुंब निघालं.

जुन्या काळी माणूस जायचा, घर राहायचं. आता घर जातंय. आणि घर गेलं की मनीऑर्डरही थांबते, कारण गावात पैसे पाठवायचे कोणाला? उरते ती म्हातारी आई. तीही पडली-झडली की तिला नेतात. मग सातबाऱ्यावर पंचवीस नावं, त्यातली दहा मयत, आठ मुंबईत, तीन माहेरवाशिणी. जमीन विकायची तर सह्या मिळत नाहीत, कसायची तर माणूस नाही. एका वाडीतली चार खाचरं पडली की पाचव्यात माकडं आणि रानडुकरं येतात. राखणीला कोण बसणार? तोही भात सोडतो. असं करत करत रान घराच्या पडवीपर्यंत येतं.

रेल्वे आली

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे सुरू झाली. अ. ब. वालावलकर, बॅरिस्टर नाथ पै यांच्यासारख्यांनी ज्याचा पाठपुरावा केला, मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी ज्याला रेटा दिला, ई. श्रीधरन यांनी डोंगर फोडून जे उभं केलं, ते आपलं शंभर वर्षांचं स्वप्न होतं. आपल्याला वाटलं, रेल्वे आली की उद्योग येणार, माणसं परत येणार.

रेल्वेनंतरच्या पहिल्या पूर्ण दशकात, 2001 ते 2011, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. 1991 ते 2001 या त्याआधीच्या दशकात ती वाढली होती, रत्नागिरीची तर दहा टक्क्यांच्या आसपास.

रेल्वेमुळे लोक गेले असा सरळ आरोप मी करत नाही. गिरण्या बंद पडल्याचा परिणाम, ठाणे-वसई पट्ट्यातली घरं, लहान कुटुंबं, हे सगळं त्यात आहे. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. ज्या टोकाला काम आहे त्या टोकाला माणूस जातो. गावात काम नसेल तर रेल्वे म्हणजे जाण्याची आणखी एक सोय. उद्या चौपदरी हायवे पूर्ण झाला, तरी आपल्या टोकाला काम नसेल तर तो चार लेननी माणसं घेऊन जाईल.

झाडं लावली, माणसं राहिली नाहीत

मग कोकणात काहीच झालं नाही का? झालं, आणि चांगलं झालं. 1972 ला दापोलीत कृषी विद्यापीठ आलं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जाती दिल्या, त्या आज देशभर लागतात. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेत शंभर टक्के अनुदान मिळालं आणि ओसाड कातळ आंबा-काजूने हिरवा झाला. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही योजना राज्यातल्या सगळ्यात यशस्वी योजनांपैकी एक आहे, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

पण बाग जमिनीला काम देते, माणसाला बारा महिने देत नाही. आंब्याचं काम फवारणीपासून काढणीपर्यंत. म्हणून मालक मुंबईत, बाग कराराने दिलेली, राखणीला नेपाळहून आलेलं कुटुंब, पेटी वाशीला, दलालाची उचल आधीच घेतलेली. आज आंब्याच्या बागेत नेपाळी, मच्छीमार बोटीवर नेपाळी खलाशी, बांधकामावर कर्नाटक आणि उत्तर प्रदेशचे मजूर. म्हणजे कोकणात काम अजिबात नाही हेसुद्धा अर्धसत्य. आपल्या पोराला जे हवंय तसं काम नाही आणि जे काम आहे ते त्याला नकोय. त्याला दोष देऊ नका. हंगामी मजुरीवर लग्न ठरत नाही, हे प्रत्येक मुलाच्या बापाला माहीत आहे.

मोठ्या प्रकल्पांचा अनुभवही समोर आहे. गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला, देशभर गाजला, 1999 ला वीज तयार झाली आणि 2001 ला बंद पडला. पुढे तो सरकारी कंपन्यांना सावरावा लागला. लोट्याला रासायनिक कारखाने आले, त्यांनी पगार दिले आणि खाडीतल्या मासेमारांची तक्रारही जन्माला घातली. नाणार, मग बारसू, रिफायनरीवरून गावागावांत दोन गट पडले. मी इथे समर्थन किंवा विरोध यात पडत नाही. त्यावर भांडायला आपल्याकडे भरपूर माणसं आहेत. मुद्दा एवढाच की दोन्ही बाजू ज्या तरुणाच्या नावाने बोलतात, तो तोवर दिव्याला भाड्याने राहायला गेलेला असतो.

माणूस टिकलेला कुठे दिसतो? मालवण-तारकर्लीला, जिथे घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देऊन बाई स्वयंपाकातून कमावते. कुडाळ, कणकवली, चिपळूणसारख्या ठिकाणी, जिथे दवाखाना, कॉलेज, दुकान, गॅरेज एका हाकेवर आहे. सावंतवाडी-दोडामार्गात, जिथून पोरं गोव्यातल्या कंपन्यांत जातात आणि गाव तुटत नाही. जिथे काजू फोडायचं युनिट आहे, जिथे महिन्याच्या महिन्याला बाईच्या हातात पगार पडतो तिथे. या सगळ्यात एक समान धागा आहे. महिन्याचं उत्पन्न, घरातल्या बाईला काम आणि पोरासाठी जवळ शाळा. या तीन गोष्टी जुळल्या तर जोडपं गावात राहतं. एक जरी तुटली तरी ते निघतं. कारण आता निघण्याचा निर्णय एकटा पुरुष घेत नाही, घर घेतं.

मोजणीचा परिणाम काय?

हे सगळं आत्ता का सांगतोय? कारण माणूस कमी मोजला गेला की हक्कही कमी होतात.

2009 च्या निवडणुकीआधी मतदारसंघांची फेररचना झाली, ती 2001 च्या आकड्यांवर. रत्नागिरी जिल्ह्यात विधानसभेच्या 7 जागा होत्या, 5 झाल्या. खेड गेला, संगमेश्वर गेला. सिंधुदुर्गात 4 च्या 3 झाल्या. राजापूर आणि रत्नागिरी असे लोकसभेचे दोन मतदारसंघ होते. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते ज्या राजापूरचे खासदार, तो नकाशावरून गेला. दोन्ही मिळून एक रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला आणि दापोली-गुहागर रायगडला जोडले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या जागा 24 झाल्या. म्हणजे आपली माणसं तिकडे गेली आणि त्यांच्याबरोबर आमदारकीही गेली.

लक्षात घ्या, ती फेररचना 2001 च्या आकड्यांवर झाली, जेव्हा आपली लोकसंख्या वाढलेली होती. घटलेला आकडा 2011 चा. तो अजून नकाशावर उतरलेलाच नाही. 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर फेररचनेचा रस्ता मोकळा होतो, असं संविधानाच्या 84 व्या दुरुस्तीत आहे. आपल्या 8 जागांचं काय होणार, याचं उत्तर या मोजणीत आहे.

आमदार-खासदार जाऊ द्या. ग्रामपंचायतीला मिळणारा वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येवर ठरतो. प्राथमिक आरोग्य केंद्र डोंगरी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक, हा निकष. शाळेत पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून उरलेली पोरंही तालुक्याला, मग शाळा बंद. वाडीतली शाळा बंद झाली की पुढच्या वर्षी आणखी एक घर उठतं. हे चक्र आहे.

आणि आपली गंमत अशी की चाकरमान्याचं नाव मतदार यादीत गावाला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उमेदवार गाड्या पाठवून त्याला आणतो. गणपतीला गाव इतकं भरतं की पार्किंगला जागा नसते. पण फेब्रुवारीत जनगणनेवाला येतो तेव्हा दाराला कुलूप. जनगणना माणूस राहतो तिथे मोजते आणि ते बरोबरच आहे. खोटी नावं घालून आकडा फुगवा असं मी कोणाला सांगणार नाही. पण गावात खरोखर राहणारा प्रत्येक माणूस, एकटी राहणारी म्हातारी, बागेतलं नेपाळी कुटुंब, वीटभट्टीवरचे मजूर, बोटीवरचे खलाशी, हे सगळे मोजले गेलेच पाहिजेत. तेही आज आपल्या गावाची लोकसंख्या आहेत. त्यांची पोरं आपल्या शाळेचा पट टिकवू शकतात. आपण त्यांना परके म्हणतो तेव्हा एकदा 1881 ची मुंबई आठवा. तिथे परके आपण होतो.

ज्याला कोकणाच्या विकासाचं बोलायचं आहे, त्या प्रत्येक नेत्याला एकच प्रश्न विचारा: तुमच्या योजनेने किती जोडपी गावात राहतील? किती कोटी आणले ते नको, किती किलोमीटर रस्ता केला तेही नको. किती घरांची कुलपं निघाली ते सांगा.

आणि आपण स्वतः एक काम करू. जनगणनेची वाट न बघता आपापल्या वाडीची यादी करा. एकूण घरं किती, वर्षभर उघडी किती, फक्त गणपतीला उघडणारी किती, कायमची बंद किती. राहणाऱ्यांत चाळिशीच्या आतली माणसं किती. वहीचं एक पान पुरेल. गाव आणि वाडीचं नाव घालून कॉमेंटमध्ये टाका, कोणाचं व्यक्तिगत नाव नको. पंचवीस-तीस वाड्यांचे आकडे आले तरी मी ते एकत्र करून पुढच्या पोस्टमध्ये मांडतो आणि तेच घेऊन लोकप्रतिनिधींकडे जाऊ.

मुंबई, ठाणे, विरारकडच्या मंडळींनी पण लिहा. गावात परत यायला तुम्हाला नेमकं काय लागेल? भावनेचं नको, हिशेबाचं लिहा. महिन्याला किती रुपये, कोणती शाळा, किती अंतरावर दवाखाना.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कुठे नाही पटलं ते सांगा, उत्तर देईन.